इलेक्ट्रिक गाडीत मोटर आणि बॅटरी कुठे आहे, हे कसे तपासावे

इलेक्ट्रिक गाडी घेताना बहुतेक ग्राहक एका चार्जमध्ये ती किती किलोमीटर जाईल, एवढेच विचारतात. प्रत्यक्षात गाडी चालवताना, तिच्यात बसताना आणि पुढे पंक्चर काढताना जे अनुभवाला येते, त्यातले बरेचसे मोटर आणि बॅटरी यांच्या जागेवरून ठरते.

सुरुवात माहितीपत्रकापासून करावी. मोटर आणि गिअर यांचा एकत्रित संच गाडी ओढणाऱ्या चाकांच्या आसाजवळच बसवतात. त्यामुळे ‘एफडब्ल्यूडी’ (पुढची चाके गाडी ओढतात) लिहिले असल्यास मोटर पुढे, ‘आरडब्ल्यूडी’ (मागची चाके) असल्यास मागे आणि ‘एडब्ल्यूडी’ (चारही चाके) असल्यास बहुधा दोन्हीकडे असते. केवळ बॉनेट उघडून अंदाज बांधू नये, कारण मोटर मागे असली तरी १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि इतर उपकरणे पुष्कळदा पुढेच असतात. गाडीच्या आकारावरूनही काही कळत नाही: एमजी कॉमेट एवढीशी असूनही तिची मोटर मागे आहे, तर तिच्याहून बरीच मोठी टाटा नेक्सॉन ईव्ही पुढची चाके फिरवते. नेक्सॉनचा मूळ आराखडा इंजिनाच्या गाडीचा असल्याने इंजिनाच्या जागी मोटर आली. महिंद्राची बीई ६ मात्र इलेक्ट्रिक म्हणूनच आखलेली असल्याने तिची मोटर मागे गेली आणि बॉनेटखाली सामानाला जागा मिळाली.

वेग घेताना आणि चढावर भार मागच्या चाकांवर सरकतो, म्हणून पावसाळ्यात घाट चढताना मागच्या मोटरची पकड चांगली राहते. ब्रेक लावताना मात्र भार पुढे येतो, त्यामुळे गाडी मंदावताना मोटरद्वारे वीज बनवून ती ऊर्जा बॅटरीत परत मिळवण्यात पुढची मोटर फायद्याची ठरते. शहरातच फिरणाऱ्याने या फरकाची फार चिंता करू नये, असे माझे मत आहे.

बॅटरीकडे अधिक बारकाईने पाहावे. २००१ मध्ये आलेल्या बंगळूरच्या रेवा या इलेक्ट्रिक गाडीत शिसे-आम्ल बॅटऱ्या पुढच्या आसनांखाली होत्या, तर जनरल मोटर्सच्या ईव्ही१ मध्ये इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा संच गाडीच्या मधोमध आणि आसनांच्या मागे होता. आज बहुतेक गाड्यांत तो तळाशी सपाट पसरलेला असतो. त्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो, पण मागच्या प्रवाशाच्या पायाखालची जमीन वर येऊ शकते. म्हणून घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवून, मांडी आसनावर टेकते की गुडघे वर येतात, ते पाहावे. चाचणीच्या फेरीत पाच जणांना बसवून उंच गतिरोधकावरूनही गाडी न्यावी, कारण तळाला लागणारा दणका थेट बॅटरीच्या कवचावर बसतो. जुनी गाडी घेत असाल, तर ती रॅम्पवर चढवून त्या कवचावर पोचे किंवा खोल ओरखडे आहेत का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत; तपासणी करताना नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबलना हात लावू नये.

जॅक कुठे लावायचा, त्या खुणा पुस्तिकेत पाहून पंक्चरवाल्याला स्वतः दाखवाव्यात, कारण सवयीने तो बॅटरीच्या पेटीखालीच जॅक लावण्याची शक्यता असते. गाडी बंद पडल्यास ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी, कारण मोटरला जोडलेली चाके रस्त्यावर फिरत राहिली, तर मोटर वीज निर्माण करू लागते आणि यंत्रणेला इजा होऊ शकते.