ट्रक सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

उसाच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या यार्डात ट्रक रात्रभर नंबर लावून उभे असतात. इंजिन बंद, पण टेप आणि केबिनचा दिवा चालू. पहाटे चावी फिरवली की नुसती टकटक. मग नव्या बॅटऱ्या घेतल्या जातात आणि आठवड्यात तीच रड परत सुरू होते, कारण दोष कित्येकदा टर्मिनलला किंवा अर्थिंगला (बॅटरीचा मायनस चासी-इंजिनला जोडणारी वाट) असतो. साधा मल्टीमीटर जवळ असला तर तो तुम्हालाही सापडतो.

गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकांखाली ठोकळे लावा. बॅटरीजवळ विडी-काडी अजिबात नको. तिथे हायड्रोजन वायू साचलेला असू शकतो.

आधी कान द्या. भराभर टकटक म्हणजे बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जड 'टक' आला तर केबल, सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच) किंवा सेल्फमधले, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरमधले, कार्बन ब्रश बघा. काहीच आवाज नाही? फ्यूज, रिले, स्टार्टर स्विच, कटऑफ स्विच. सेल्फ गरगर फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचा दातेरी गिअर) किंवा तो ज्यात अडकतो ती फ्लायव्हीलची दातेरी रिंग. आणि इंजिन जोरात फिरूनही सुरू होत नसेल तर आधी डिझेलची लाइन बघा.

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 24 व्होल्ट मिळतात. एकूण 24.6 दिसतात म्हणून समाधान मानू नका, एक 12.7 आणि दुसरी 11.9 असू शकते. गाडी काही तास उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. असा फरक पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टेप आणि मोबाईल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून काढलेली वायर. ती बॅटरी सतत उपाशी राहते आणि जोडीदार जास्त चार्ज होऊन उकळते. त्यासाठी 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवा. बदलायची वेळ आलीच तर जोडी एकदम बदला. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाणी लवकर आटतं. झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नाही.

आता सेल्फ मारताना मोजा. खरा दोष इथेच उघडा पडतो, म्हणून ही पायरी टाळू नका. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने मीटर धरावा. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांहून जास्त नको, मध्ये दोन मिनिटं थांबा. दोन्ही बॅटऱ्या मिळून व्होल्टेज 19 च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट खेचतोय. व्होल्टेज टिकून आहे पण सेल्फ मंद, तर मीटरचं एक टोक सेल्फची केबल निघते त्या बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर त्या वाटेत गंज आहे किंवा केबल खराब आहे. हेच मायनसची खुंटी आणि सेल्फच्या बॉडीमध्ये करा. इंजिन ते चासी ही अर्थिंगची पट्टी धूळ-ग्रीसने माखलेली असते, तिचा बोल्ट सोडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने काढा; ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. मग वर पेट्रोलियम जेली.

शेवटी चार्जिंग. इंजिनला थोडी रेस देऊन बॅटरीवर साधारण 27.5 ते 28.5 मिळायला हवेत, हेडलाइट लावूनही. 26 च्या खाली असेल तर पट्टा ढिला आहे का बघा, मग अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणारा डायनामो) वायर. 29 च्या वर राहिलं तर रेग्युलेटर गेला. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनामो तपासायची पद्धत कुणी सांगितली तर स्पष्ट नाही म्हणा: त्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड जळतात आणि नव्या गाड्यांचा ईसीएमही (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.