मुठीत मावेल असा खाऊ : तिसऱ्या वाढदिवसाची तयारी

धाकट्याचा वाढदिवस जानेवारीच्या शेवटी येतो. नाशकात तेव्हा कडाक्याची थंडी असते, मटार आणि कोथिंबीर स्वस्त झालेली असते, द्राक्षं नुकती बाजारात दिसायला लागलेली असतात. यंदा तो 3 वर्षांचा होतोय. शनिवारी संध्याकाळी 5 वाजता 14 मुलं येणार, सगळी 2 ते 6 वर्षांची, आणि त्यांच्यासोबत वीसेक मोठी माणसं. थोरलीच्या वेळी आम्ही पंगतीचा बेत केला होता. छोटी मुलं पुरी-भाजीच्या ताटासमोर दोन मिनिटं बसली आणि उठून पळाली. आया वाट्या घेऊन त्यांच्यामागे. म्हणून या वेळी असंच करायचं, की मुलाने येता-जाता उचलावं, चार घासांत संपवावं आणि परत खेळायला जावं. सगळं शाकाहारी, सगळं घरचं, केक तेवढा बाहेरचा.

पहिलं काम आठवडाभर आधीचं आणि ते फोनवर होतं. प्रत्येक मुलाच्या आईला एकेकटीला विचारायचं, की शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांतलं काही त्याला बाधतं का. गटावर विचारलं की अर्ध्या जणी अंगठा दाखवून मोकळ्या होतात, म्हणून फोनच करायचा. आपल्या पदार्थांत दाण्याचं कूट आणि तीळ कुठे कुठे असतात हे आपल्याही लक्षात राहत नाही. हिरव्या चटणीत कूट, वडीवर तीळ, तळायला शेंगदाणा तेल. कुणाला दाण्यांचा त्रास असेल तर त्या दिवशी घरात दाणे काढायचेच नाहीत. वेगळी ताटली ठेवून भागत नाही, मुलं एकमेकांच्या हातातलं खातात. शेजारचं कुटुंब जैन आहे, त्यांना तर नीट विचारायचंच: बटाटा, कांदा, लसूण, गाजर चालत नाही हे ठाऊक आहे, पण काही घरांत रात्रभर आंबवलेलं पीठही चालत नाही. त्यांच्यासाठी बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याचे कटलेट, आणि त्यांची कढई वेगळी. कालनिर्णयमध्ये त्या दिवशी चतुर्थी किंवा एकादशी नाही ना, तेही पाहून घ्यायचं. आज्यांचे उपास असतात.

दुसरं काम मापाचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन-अडीच वर्षांचं मूल वस्तू मुठीत धरतं. छोटा चौकोनी तुकडा त्याच्या मुठीत नाहीसा होतो, मग ते मूठ उघडतं आणि तुकडा जमिनीवर पडतो. तोच पदार्थ आपल्या बोटाएवढा लांब आणि बोटाएवढा जाड कापला, की अर्धा मुठीत राहतो, अर्धा वर येतो, आणि त्याला तो चावता येतो. म्हणून कोथिंबीर वडीच्या चकत्या न करता पट्ट्या करायच्या, कटलेट गोल न वळता लांबट वळायचे, सँडविचचे त्रिकोण न करता तीन-तीन पट्ट्या कापायच्या. आप्पे तेवढे गोलच होणार. दोन वर्षांच्या मुलांना ते अर्धे करून द्यायचे.

याच मापाची दुसरी बाजू घशाची आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका बोरन्हाणाला गेलो होतो. चुरमुरे, बोरं, हलवा, रेवड्या मुलांनी लुटल्या, आणि दीड वर्षाच्या एका बाळाच्या घशात रेवडी अडकली. त्याचा आवाजच बंद झाला. त्याच्या आजीने त्याला मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर खांद्यांच्या मधोमध जोरात थापट्या मारल्या. तिसऱ्या-चौथ्या थापटीला रेवडी बाहेर पडली आणि मग ते रडलं. ते रडणं ऐकून सगळ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून 5 वर्षांखालची मुलं येणार असतील तर माझ्या घरात अख्खे दाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, बोरं बाहेर येत नाहीत. लहान मुलांच्या दाढा उशिरा येतात, असल्या वस्तू त्यांना दळून खाता येत नाहीत, आणि श्वासनलिका अरुंद असते. कच्चं गाजरही तसंच कडक, ते बोटाएवढं कापून मऊ वाफवून घ्यायचं. आणि द्राक्षं! नाशकात राहून जानेवारीत द्राक्षं ठेवायची नाहीत हे जमणार नाही, पण अख्खं द्राक्ष घशात बुचासारखं बसतं. प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायच्या. आडवं चिरलं तर गोल चकती राहते, ती तशीच अडकू शकते. एक किलोला अर्धा तास सहज जातो. हे काम सासूबाईंनी मागून घेतलंय. फुगे फुटले की त्यांचे तुकडे लगेच उचलायला थोरलीला नेमलंय, कारण रबराचा तुकडाही तोंडात जातोच. डॉक्टरांचा नंबर आणि 108 फ्रिजवर चिकटवायचा.

आता बेत. आप्पे, कोथिंबीर वडी, मटार कटलेट, चटणी सँडविच, फळं, आणि गोडाला सुपारीएवढे रव्याचे लाडू. यापेक्षा जास्त काही करायचं नाही. दर मुलामागे 2 आप्पे, 2 पट्ट्या वडी, 1 कटलेट, 2 पट्ट्या सँडविच पुष्कळ होतं. मोठी माणसंही यातलं खातात, म्हणून हिशेब एकूण चौतीस जणांचा धरायचा. मोठ्यांसाठी शिवाय मिसळ असेल, तिची मटकी गुरुवारी भिजवायची. तिचा कट स्वयंपाकघरातच राहील, मुलांच्या हाताला लागेल असा कुठेही नाही.

बुधवारी लाडू वळून डब्यात. गुरुवारी सकाळी तीन वाट्या उकडा तांदूळ आणि एक वाटी उडीद डाळ चमचाभर मेथीदाणे घालून भिजत घालायचे, संध्याकाळी वाटायचे. एवढ्यात साठ-सत्तर आप्पे होतात. थंडीत पीठ एका रात्रीत फुगत नाही, म्हणून पातेलं शालीत गुंडाळून ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवायचं आणि शुक्रवारी दुपारपर्यंत वाट बघायची. फुगलं की लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर आंबट होतं आणि आंबट आप्पे मुलं थुंकतात.

गुरुवारीच रात्री कोथिंबिरीच्या तीन मोठ्या जुड्या निवडून, तीन पाण्यांतून धुऊन पंख्याखाली पंच्यावर पसरायच्या. शुक्रवारी ती कोरडी झालेली असते. बारीक चिरून तिला मीठ, हळद, हिंग, जिरं चोळून दहा मिनिटं ठेवायची. तिला स्वतःचंच पाणी सुटतं, त्या पाण्यात मावेल तेवढं बेसन आणि मूठभर तांदळाचं पीठ घालायचं. वरून पाणी घातलं की वडी चिकट होते. वळकट्या वळून वीस मिनिटं वाफवायच्या. सुरी खुपसली आणि कोरडी निघाली की झाल्या. एका वळकटीत मोठ्यांसाठी मिरची-आलं वाटून घालायचं आणि फक्त तिलाच तीळ लावायचे, म्हणजे तळताना गोंधळ होत नाही (तिळाचा त्रास असलेलं कुणी नसेल तरच, नाहीतर तिखट वळकटी जाड वळायची). पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचं नाही. गरम वडी कापली की चुरा होतो. रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्या की शनिवारी पट्ट्या अगदी सुबक पडतात.

शुक्रवारी संध्याकाळी ताजे दोन मोठे ब्रेड आणायचे, कडा कापून ठेवायच्या. त्या कडा शनिवारी सकाळी तव्यावर कडक करून मिक्सरमधून काढल्या की कटलेटला लावायचा चुरा घरचाच होतो. कटलेटला दीड किलो बटाटे आणि अर्धा किलो सोललेले मटार. बटाटे शनिवारी सकाळीच उकडायचे, सालासकट, आणि सोलून ताटात पसरून गार होऊ द्यायचे. पाणचट बटाट्याचा कटलेट तेलात फुटतो. तरी सैल वाटलं तर भिजवून निथळलेले पोहे कुस्करून घालायचे. दुपारी 12 पर्यंत वळून, झाकून फ्रिजमध्ये.

सँडविचच्या चटणीत मिरची अर्धीच घालायची, लिंबू जास्त. ब्रेडला आधी लोणी लावायचं, मग चटणी, म्हणजे पाणी आत मुरत नाही. कापून झाल्यावर ओला पंचा पिळून वर टाकायचा, नाहीतर कडा वाळून वर येतात. दुपारी 3 चं काम आहे हे, आधी करायचं नाही.

दुकानातून येणाऱ्या वस्तूंवर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आहे का ते प्रत्येक पुड्यावर बघायचं. जेली आणि मार्शमेलो यांत पुष्कळदा जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. भेटीच्या पिशव्यांत अशा गोळ्या सहज शिरतात. केक अंड्याशिवायचा, हे सांगतानाच लिहून घ्यायला लावायचं आणि खोका घेताना पुन्हा विचारायचं. एकदा आमच्याकडे दुसऱ्याच कुणाचा केक आला होता आणि घरी आलेल्या आजोबांना तो खाता आला नाही. त्यांनी काही म्हटलं नाही, पण मला ते अजून लागून आहे.

थर्माकोलच्या ताटल्यांवर 2018 पासून राज्यात बंदी आहे, आणि कागदी ताटली मुलांच्या हातात दुमडते. सुपारीच्या पानाच्या छोट्या ताटल्या आणायच्या. टूथपिक एकही नको. हॉलमध्ये सतरंजी, मधे दोन चौरंग जोडून त्यावर खाऊ, म्हणजे मुलांचा हात पोचतो. कोकम सरबत छोट्या स्टीलच्या पेल्यांत, अर्धाच भरून.

शनिवारी 4 वाजता आप्पेपात्र चढवायचं, सव्वाचारला वडी तळायला घ्यायची, कटलेट सगळ्यात शेवटी, पाहुणे दारात असताना. केळी आणि सफरचंद त्याच वेळी चिरायचं, सफरचंदाच्या फोडी पातळ करून मिठाच्या पाण्यातून काढायच्या. साडेपाचला खाऊ मांडायचा, केक साडेसहाला. आधी केक दिला की मुलं मग कशालाच हात लावत नाहीत. केकच्या आधी औक्षण. निरांजनाचं ताट ओवाळून झाल्या झाल्या देवघरात परत, कारण चौदा मुलं आजूबाजूला असतात. दोन तासांच्या वर बाहेर राहिलेली चटणी, कापलेली फळं उचलून टाकायची.

आणि खाऊ मांडायच्या आधी एक डबा भरून बाजूला ठेवायचा. ज्याचा वाढदिवस, तो त्या गडबडीत काही खात नाही. थोरलीने तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला फक्त केकवरचं क्रीम खाल्लं आणि रात्री दहाला भुकेने रडत उठली. दोन आप्पे, दोन वड्या, एक कटलेट, चार फोडी द्राक्षांच्या, एक लाडू. डब्यावर त्याचं नाव लिहायचं आणि फ्रिजच्या वरच्या खणात ठेवायचा. आठ वाजता सगळे गेले की तो ओट्यावर बसून खाईल, पाय हलवत.