छोट्या डब्यावरचा ॲस्टरिस्क अडला तर: आधी वीज आणि घड्याळ, मग नॅट, शेवटी कॉन्फिग

रास्पबेरी पाय (छोटा संगणक) किंवा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) टाकलेला राउटर घेऊन त्यावर ॲस्टरिस्क, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर, बसवायचा आणि दहा-पंधरा एक्स्टेंशनची फोनव्यवस्था उभी करायची, हे आता अवघड राहिलेलं नाही. दवाखाना, शाळा, छोटा कारखाना, सोसायटीचं ऑफिस अशा ठिकाणी ती वर्षानुवर्षं चालू शकते. अडतं ते बिघाड शोधताना. मोठ्या सर्व्हरसाठी लिहिलेल्या सूचना इथे निम्म्याच लागू पडतात, कारण या डब्यात रॅम मोजकी, साठवण फ्लॅशवर, घड्याळाला बहुधा बॅटरी नाही आणि वीज एका छोट्या ॲडॉप्टरमधून येते. पीजेसिपची, म्हणजे ॲस्टरिस्कच्या सिप (इंटरनेटवर कॉल जुळवण्याची पद्धत) भागाची, फाइल उघडून त्यात बदल करत सुटलं की मूळ बिघाड राहतो बाजूला आणि नवीन तीन तयार होतात. म्हणून खालचा क्रम पाळा.

कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाकायची.

डबा स्वतः धड आहे का?

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॉप्टर लागतो; पाय ३ ला २.५ अँपिअर पुरतो. मोबाइलचा चार्जर आणि लांब बारीक केबल लावली की लोड वाढताच व्होल्टेज पडतं, प्रोसेसर वेग कमी करतो आणि नेमका बोलताना आवाज तुटतो. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवा. उत्तर ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेग कमी झाला होता. ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणीही तेच चाललं आहे. असं दिसलं तर पुढचं काहीही तपासू नका. आधी ॲडॉप्टर आणि केबल बदला. कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या पायचं एसडी कार्डही खराब होतं, आणि मग बिघाड दर वेळी वेगळा दिसतो.

मग रॅम आणि साठवण बघायला ‘फ्री -एम’ आणि ‘डीएफ -एच’. ६४ किंवा १२८ एमबी रॅमच्या राउटरवर ॲस्टरिस्कचे सगळे मॉड्यूल चढवले तर कर्नल मेमरीसाठी त्यालाच मारतो. बाहेरून दिसतं एवढंच, की फोन अधूनमधून आपोआप रजिस्ट्रेशन (ॲस्टरिस्ककडची नोंद) सोडतात. ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर (तो ‘ॲस्टरिस्क -आरव्हीव्हीव्ही’ ने उघडतो) ‘कोअर शो अपटाइम’ मध्ये ॲस्टरिस्क काही मिनिटांपूर्वीच सुरू झालेला दिसला आणि ‘डीमेसेज’ किंवा ‘लॉगरीड’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ सापडलं, तर दुखणं कळलं. मॉड्यूल्स डॉट कॉन्फमध्ये ‘नोलोड’ लिहून न लागणारे मॉड्यूल काढून टाका.

ओपनडब्ल्यूआरटीवर उलटंही होतं. तिथे ॲस्टरिस्क तुकड्यातुकड्यांच्या पॅकेजमध्ये येतो. पीजेसिप बसवलं पण आरटीपीचं (आवाजाची पॅकेट नेणारं) किंवा ए-लॉ कोडेकचं (आवाज आकड्यांत बदलणारं) पॅकेज राहिलं, तर ॲस्टरिस्क सुरू होतो, फोन रजिस्टरही होतो, कॉल मात्र लागत नाही किंवा मुका लागतो. ‘मॉड्यूल शो लाइक आरटीपी’, ‘मॉड्यूल शो लाइक कोडेक’, ‘मॉड्यूल शो लाइक ब्रिज’ या तीन कमांडनी काय राहिलं ते दिसतं. शिवाय इटीसी/कॉन्फिग/ॲस्टरिस्क या फाइलमधला ‘एनेबल्ड’ पर्याय १ केल्याशिवाय तिथली सेवा सुरूच होत नाही. ‘बसवलं पण चालत नाही’ या तक्रारीत पहिल्यांदा हीच ओळ पाहावी.

आणखी एक गोष्ट ओपनडब्ल्यूआरटीवर विसरू नये: तिथली व्हार डिरेक्टरी रॅममध्ये असते. लॉग रीबूटनंतर पुसला जातो, आणि व्हॉइसमेल व्हार/स्पूलमध्ये असेल तर तोही. ॲस्टरिस्क डॉट कॉन्फमध्ये ‘एएसटीडीबीडिर’ आणि ‘एएसटीस्पूलडिर’ कुठे दाखवतात ते बघा आणि जपायच्या गोष्टी यूएसबी ड्राइव्हवर न्या.

आता घड्याळ. ‘डेट’ टाकून बघा. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत असा डबा जुनीच तारीख धरून बसतो. तेवढ्या वेळात टीएलएसवरचा (सुरक्षित जोडणीचा) ट्रंक, म्हणजे सेवा देणाऱ्याकडची बाहेरची लाइन, नव्या प्रमाणपत्राला ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारतो. टाइमझोन यूटीसीच राहिला तर साडेपाच तासांचा फरक पडतो: सकाळी दहाला उघडणारं ऑफिस ‘गोटूइफटाइम’च्या (वेळ पाहून कॉल वळवणाऱ्या कमांडच्या) हिशेबात दुपारी साडेतीनपर्यंत बंदच राहतं आणि तोवर प्रत्येक कॉल व्हॉइसमेलला जातो.

वीज आली, ट्रंक आला नाही

आपल्याकडे हा बिघाड सर्वांत जास्त भेटतो आणि त्याचं कारण सर्वांत कमी जणांना माहीत असतं. वीज जाऊन आली की पाय अर्ध्या-एक मिनिटात उठतो. फायबरचा मोडेम आणि राउटर त्याच्या मागून उठतात. ॲस्टरिस्कला तेव्हा डीएनएसही (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) मिळत नाही. तो रजिस्ट्रेशनचा प्रयत्न करतो, ६० सेकंद थांबतो, पुन्हा करतो. पीजेसिपच्या रजिस्ट्रेशन विभागात ‘रिट्राय_इंटरव्हल’ मूळचं ६० आणि ‘मॅक्स_रिट्राइज’ मूळचं १० असतं. म्हणजे साधारण दहा मिनिटं नेट आलं नाही तर ॲस्टरिस्क प्रयत्न सोडून देतो आणि नंतर नेट कितीही नीट चाललं तरी ट्रंक मेलेलाच राहतो. आतले फोन एकमेकांना लागतात, त्यामुळे बाहेरून फोन येत नाहीत हे तासन्‌तास कोणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय सोपा आहे. ‘मॅक्स_रिट्राइज’ १०००० करा. ‘फॉरबिडन_रिट्राय_इंटरव्हल’ ३०० ठेवा, कारण सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरने एकदा चुकून ४०३ (‘मनाई’) पाठवला तर मूळ सेटिंगप्रमाणे ॲस्टरिस्क तो कायमचा नकार समजतो. ‘ऑथ_रिजेक्शन_पर्मनंट’ ‘नो’ करा. आत्ता लगेच ट्रंक उठवायचा असेल तर ‘पीजेसिप सेंड रजिस्टर’ आणि पुढे रजिस्ट्रेशनचं नाव. ‘पीजेसिप शो रजिस्ट्रेशन्स’ मध्ये ‘रजिस्टर्ड’ दिसलं पाहिजे. मोडेम, राउटर आणि पाय तिन्ही एका छोट्या यूपीएसवर घेतले तर हा प्रसंगच कमी येतो, तरी वरचे बदल कराच.

फोन रजिस्टर होत नाही

‘ॲस्टरिस्क -आरव्हीव्हीव्ही’ ने कन्सोल उघडा आणि ‘पीजेसिप सेट लॉगर ऑन’ द्या. फोनने रजिस्टर पाठवलं, ॲस्टरिस्कने ४०१ (‘ओळख पटवा’) दिला, फोनने पुन्हा पाठवलं आणि २०० ओके गेला: हा क्रम बरोबर आहे, मधला ४०१ हा दोष नाही. पुन्हापुन्हा ४०१ जात राहिला तर पासवर्ड किंवा युजरनेम चुकलं. ‘नो मॅचिंग एंडपॉइंट फाउंड’ आलं तर एंडपॉइंटचं (कॉन्फिगमधल्या फोनच्या नोंदीचं) नाव जुळत नाही. ट्रंकवरून येणाऱ्या कॉलला हाच संदेश आला तर ‘आयडेंटिफाय’ विभागातल्या ‘मॅच’ मध्ये सेवा देणाऱ्याचे सगळे आयपी पत्ते नाहीत. ४०४ (‘सापडलं नाही’) आला तर एओआरचं (फोन कुठे सापडेल ते ठेवणाऱ्या विभागाचं) नाव फोनच्या युजरनेमशी जुळत नाही. आणि सगळं बरोबर असून ४०३ येतोय? एओआरमध्ये ‘मॅक्स_कॉन्टॅक्ट्स’ लिहायचं राहिलं असेल. त्याची मूळ किंमत शून्य आहे, म्हणजे एकही फोन चालणार नाही. १ लिहा आणि सोबत ‘रिमूव्ह_एक्झिस्टिंग’ ‘येस’ करा, म्हणजे फोनचा आयपी बदलला तरी जुनी नोंद आडवी येत नाही.

काहीच दिसत नसेल, एकही संदेश येत नसेल, तर ॲस्टरिस्कला हात लावू नका. पॅकेट तिथवर पोचतच नाही. फायरवॉल, व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) किंवा फोनमध्ये टाकलेला पत्ता बघा.

जुनी उदाहरणं पाहून सिप डॉट कॉन्फ लिहीत असाल तर थांबा. चॅन_सिप हा जुना मॉड्यूल ॲस्टरिस्क २१ पासून काढून टाकला आहे. ती फाइल कोणी वाचणारच नाही. आणि पीजेसिपच्या ट्रान्सपोर्ट विभागातले बदल साध्या रीलोडने लागू होत नाहीत. त्यासाठी ‘कोअर रीस्टार्ट नाऊ’ लागतं. ‘बदल केला पण फरक नाही’ याचं कारण पुष्कळदा इतकंच असतं.

एकीकडचा आवाज ऐकू येत नाही

हा नॅटचा, म्हणजे राउटर आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवतो त्याचा, प्रश्न आहे असं धरून चला. सिप फक्त कॉल जुळवतो. आवाज आरटीपीच्या वेगळ्या पॅकेटमधून, वेगळ्या पोर्टवरून जातो. तुमच्या ॲस्टरिस्कने एसडीपीच्या (सिप संदेशात आवाजाचा पत्ता सांगणाऱ्या भागाच्या) ‘सी=’ ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता लिहून पाठवला, तर समोरचा आवाज त्या पत्त्यावर पाठवू पाहतो आणि तो हवेत विरतो.

कॉल चालू असताना ‘आरटीपी सेट डीबग ऑन’ द्या. ‘सेंट आरटीपी पॅकेट टू’ आणि ‘गॉट आरटीपी पॅकेट फ्रॉम’ अशा दोन्ही ओळी धावायला हव्यात. ‘सेंट’ आहे पण ‘गॉट’ नाही, तर समोरून येणारा आवाज वाटेत अडतोय. दोन्ही आहेत आणि तरी ऐकू येत नाही, तर ‘सेंट’ पुढचा पत्ता वाचा. बहुतेक तो खाजगी असेल.

ट्रान्सपोर्टमध्ये ‘एक्स्टर्नल_मीडिया_ॲड्रेस’ आणि ‘एक्स्टर्नल_सिग्नलिंग_ॲड्रेस’ ला बाहेरचा आयपी द्या, आणि ‘लोकल_नेट’ मध्ये आतलं नेटवर्क लिहायचं विसरू नका. ते राहिलं तर ॲस्टरिस्क घरच्या फोनलाही परका समजून बाहेरचा पत्ता देतो आणि आतले कॉल मुके होतात. एंडपॉइंटमध्ये ‘डायरेक्ट_मीडिया’ ‘नो’. ‘आरटीपी_सिमेट्रिक’ आणि ‘फोर्स_आरपोर्ट’ ‘येस’. फोन नॅटच्या मागे असतील तर त्यांच्यासाठी ‘रीराइट_कॉन्टॅक्ट’ ‘येस’. आरटीपी डॉट कॉन्फमधली पोर्टची रेंज, उदाहरणार्थ १०००० ते १०२००, राउटरवर यूडीपीसाठी पुढे पाठवा. कॉलच्या प्रत्येक बाजूला दोन पोर्ट लागतात, त्यामुळे २०० पोर्टमध्ये छोट्या ऑफिसचं सहज भागतं.

राउटरमधला सिप एएलजी बंद करा. तो मदत करायला म्हणून पॅकेटमधले पत्ते बदलतो आणि बहुतेक वेळा बिघडवतो. लिनक्स राउटरवर ‘एलएसमॉड’ मध्ये ‘एनएफ_नॅट_सिप’ दिसला तर तो मॉड्यूल काढा.

राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या नॅटमागे आहात आणि पोर्ट पुढे पाठवून उपयोग नाही. ट्रंक बाहेरच्या दिशेने रजिस्टर होतो म्हणून कॉल तरीही चालू शकतात, पण वाट उघडी ठेवावी लागते. लिनक्सवर एकतर्फी यूडीपीची नोंद ३० सेकंदांत मिटते. ट्रंकच्या एओआरमध्ये ‘क्वालिफाय_फ्रीक्वेन्सी’ २५ ठेवा. ‘फोन जातो, पण येत नाही, मात्र नुकताच फोन केला असेल तर येतो’ ही तक्रार याच सेटिंगने सुटते.

कॉल ठरावीक वेळी तुटतो

घड्याळ लावून मोजा. ३२ सेकंदांना तुटला तर ॲस्टरिस्कच्या २०० ओकेला समोरून एसीके (पोच) आला नाही. सिपमध्ये ही मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट असते, म्हणून बरोबर ३२. लॉगरमध्ये तोच २०० ओके पुन्हापुन्हा जाताना दिसेल. त्यातला ‘कॉन्टॅक्ट’ हेडर बघा, तिथे खाजगी पत्ता सापडेल. म्हणजे पुन्हा ‘एक्स्टर्नल_सिग्नलिंग_ॲड्रेस’. १५ किंवा ३० मिनिटांना तुटला तर सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे का ते ठरावीक वेळाने तपासणारी सोय): मूळ मुदत १८०० सेकंद आणि नूतनीकरण निम्म्यावर. चाचणीपुरतं एंडपॉइंटमध्ये ‘टाइमर्स’ ‘नो’ करून बघा. वेळ अनियमित असेल तर परत वीज आणि मेमरीकडे जा.

आवाज तुटतो किंवा उशिरा येतो

‘कोअर शो चॅनल’ आणि चॅनलचं नाव द्या. ‘रीड ट्रान्सकोड’ किंवा ‘राइट ट्रान्सकोड’ पुढे ‘येस’ असेल तर डबा कोडेक बदलण्यात राबतोय. पाय ४ ला त्याचं काही वाटत नाही. फ्लोटिंग पॉइंट नसलेल्या एमआयपीएस राउटरला ओपस या कोडेकचा एक कॉलही जड जातो. सगळीकडे ‘डिसअलाउ’ ‘ऑल’ आणि ‘अलाउ’ ‘ए-लॉ’ करा. भारतातल्या दूरध्वनी जाळ्यात ए-लॉच चालतो. आयव्हीआरचे (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारे) आवाजही ए-लॉ फाइलमध्ये ठेवा. ए-लॉच्या एका कॉलला इथरनेटवर प्रत्येक दिशेला सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात, म्हणजे बँडविड्थ क्वचितच कमी पडते. खरा त्रास असतो तो कोणी मोठी फाइल अपलोड करताना राउटरमध्ये साचणाऱ्या रांगेचा. ओपनडब्ल्यूआरटीवर एसक्यूएम (ही रांग आवरणारं पॅकेज) बसवून वेग लाइनच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा.

पाय वाय-फायवर असेल तर ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० सेट पॉवर_सेव्ह ऑफ’. त्याहून बरं, सरळ केबल लावा.

होल्डवरचं संगीत किंवा कॉन्फरन्सच तुटत असेल तर ‘टायमिंग टेस्ट’ चालवा. १००० मिलिसेकंदांत ५० टिक आले पाहिजेत. कमी आले तर ‘रेस_टायमिंग_टाइमरएफडी’ लोड आहे का बघा. कॉल रेकॉर्ड होत असतील तर साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला जवळपास एक एमबी लागतो. ते एसडी कार्डावर लिहू नका.

डीटीएमएफसाठी (फोनवर दाबलेल्या आकड्यांसाठी) ‘आरएफसी४७३३’ ठेवा. बँकेच्या आयव्हीआरला आकडे कळत नसतील तर दोन्ही बाजूंचं हे सेटिंग वेगळं आहे.

बाहेरचे स्कॅनर

५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवला की काही तासांत अनोळखी पत्त्यांवरून रजिस्टरचा पाऊस सुरू होतो. पासवर्ड भक्कम असला तरी लॉग फ्लॅश भरून टाकतो आणि छोटा प्रोसेसर नकार देण्यातच दमतो. फेल२बॅन (वारंवार चुकणारे पत्ते अडवणारा प्रोग्रॅम) पायवर ठीक आहे, राउटरवर जड. फायरवॉलमध्ये ५०६० फक्त ट्रंक देणाऱ्याच्या पत्त्यांना उघडा; बाहेर फिरणाऱ्या फोनसाठी वायरगार्ड (व्हीपीएन) वापरा.

तरीही सापडलं नाही तर

‘टीसीपीडंप -आय एनी -एस ० -डब्ल्यू’ ने टेंप डिरेक्टरीत पॅकेट पकडा. ए-लॉचा एक कॉल ॲस्टरिस्कमधून जाताना दोन्ही बाजू मिळून मिनिटाला अडीच एमबीहून जास्त भरतो, आणि राउटरवर टेंप म्हणजे रॅम. तेव्हा एकच छोटा कॉल करा आणि लगेच थांबवा. पायवर एसएनग्रेप असेल तर सिपचे संदेश बाणांच्या आकृतीत समोर दिसतात. सेवा देणाऱ्याकडे तक्रार करताना ही फाइल, कॉलची अचूक वेळ आणि ‘कॉल-आयडी’ हेडर द्या. फाइल पाठवण्याआधी त्यातले ग्राहकांचे नंबर आणि संभाषण कोणाच्या हाती जाणार आहे याचा विचार करा: ए-लॉचा आवाज त्या फाइलमधून कोणीही परत ऐकू शकतो. सिपचा माग पुरेसा असेल तर फक्त ५०६० पोर्टची पॅकेट पकडून पाठवा.