जुनाट कंबरदुखीवर कायरोप्रॅक्टिक, ॲक्युपंक्चर, कटिबस्ती: करून बघायचं तर कसं

कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत राहिली की तिला जुनाट दुखणं म्हणतात. तोवर बाम, शेक, पट्टा आणि गोळ्या हे सगळं होऊन गेलेलं असतं. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं: माणसाला कुशीवर वळवलं, झटका दिला, कडकन आवाज आला आणि माणूस हसत उठला. हे कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यांना हाताने झटका देऊन करायचा उपचार. हाडवैद्याचा पत्ता, ॲक्युपंक्चरचा सल्ला, पंचकर्माचं पॅकेजही याच सुमारास समोर येतं. यातल्या काही उपचारांनी खरोखर आराम पडतो. तो किती पडतो, कशामुळे पडतो आणि आपल्याला पडतोय की नाही हे कसं ताडायचं, ते पुढे दिलं आहे. या उपचारांचा सर्वांत जास्त अभ्यास कंबरेवर झालाय, म्हणून इथे मुख्यतः कंबरेबद्दलच लिहिलं आहे.

कुणाचाही हात लावून घेण्याआधी

लघवी अडतेय किंवा नकळत होतेय, शौचावर ताबा राहत नाही, बसण्याच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतंय, यातलं काहीही नव्याने सुरू झालं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मणक्याच्या खालच्या भागातला नसांचा झुबका दाबला गेल्याची ही खूण असू शकते, आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. चालताना एका पायाचा पंजा उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, असं होत असेल तर तेही दोन दिवस थांबण्यासारखं नाही.

आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि पाठीच्या एकाच मणक्यावर बोट दाबलं की कळ, अशी लक्षणं असतील तर आधी रक्ततपासणी आणि एमआरआय. टीबीने पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो खचतो. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेलं असणं, साठीनंतर किरकोळ पडल्यावर अचानक कंबर धरणं, यातही आधी तपासणी आणि मग बाकीचं. आणि पंचविशी-तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडलेली राहत असेल, बसून वाढत असेल पण हिंडल्यावर मोकळी होत असेल, तर त्याला संधिवाततज्ज्ञाकडे न्या. हा मणक्याचा संधिवात असू शकतो. यात मणके एकमेकांना जुळून ठिसूळ झालेले असले तर झटक्याने हाड मोडतं.

यातलं काही नसेल तर बहुतेकांची कंबरदुखी धोकादायक नसते. त्रासदायक मात्र असते.

'गादी सरकली' याचा अर्थ

एमआरआयचा रिपोर्ट वाचून अनेकजण घाबरतात. दोन मणक्यांमधली गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. ती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. ती फुगते, झिजते, कधी तिचा थोडा भाग बाहेर येतो. शिवाय ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशांचे स्कॅन पाहिले तर विशीतल्या सुमारे ३०% लोकांत फुगलेली गादी दिसते आणि ऐंशीच्या घरात ८४% लोकांत. हे आकडे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची बेरीज करून निघाले. म्हणून 'तुमची गादी आत बसवतो', 'मणक्यातली गॅप भरतो' असं कुणी म्हणालं की सावध व्हा. हाताच्या झटक्याने गादी जागेवर जात नाही. आराम पडला तरी तो त्या कारणाने पडलेला नसतो.

कायरोप्रॅक्टिक: काय मिळतं, काय नाही

डॅनियल डेव्हिड पामर याने १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट या गावी ही पद्धत सुरू केली. मणके जागचे हलल्याने नसांचा प्रवाह अडतो आणि त्यातून बहुतेक रोग होतात, हा त्याचा सिद्धांत पुढे टिकला नाही. म्हणून मधुमेह, दमा, मुलांचं कान दुखणं यांवर कुणी मणके 'ॲडजस्ट' करून देत असेल तर उठून या.

कंबरेची गोष्ट वेगळी आहे. सांध्याला त्याच्या नेहमीच्या हालचालीच्या थोडा पुढे, झटकन पण थोड्याच अंतराचा रेटा दिला की आजूबाजूचे स्नायू काही काळ सैलावतात आणि वेदनेची जाणीव कमी होते. 'कड' आवाज सांध्यातल्या वंगणद्रवात वायूची पोकळी झाल्यामुळे येतो. हाड बसल्याचा तो आवाज नव्हे, आणि आवाज आला नाही तरी उपचार फसला असं होत नाही. २०१९ मध्ये ४७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अशा झटक्याच्या उपचाराने जुनाट कंबरदुखीत पडणारा आराम व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकाच निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत व्यायाम, मसाज यांच्यासोबत याला जागा दिली आहे. त्याच मार्गदर्शिकेत कंबरेचा पट्टा, वजन लावून ताण देणं म्हणजे ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक आणि टेन्स यंत्र (त्वचेवरून विजेचे सौम्य झटके देणारं) हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत असं म्हटलं आहे. आपल्याकडच्या कितीतरी दवाखान्यांत कंबरदुखीला पहिल्यांदा हेच चार प्रकार मिळतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

इंग्लंड-अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला कायद्याने परवाना घ्यावा लागतो. भारतात त्यांच्यासाठी अशी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. काहीजण मुळात फिजिओथेरपिस्ट असतात आणि हे तंत्र पुढे शिकलेले असतात. काहींनी चार दिवसांचा कोर्स केलेला असतो. म्हणून मूळ पदवी कोणती ते विचारा. फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. चांगला माणूस पहिल्या भेटीत निम्मा वेळ प्रश्न विचारण्यात घालवतो: जुने आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांचा ठिसूळपणा. मग पायाचा अंगठा वर ओढायला लावतो, टाचांवर चालवतो, गुडघ्याखाली हातोडी मारून पाहतो, आडवं झोपवून पाय सरळ उचलतो. हे काहीच न करता थेट टेबलावर झोपवलं तर नाही म्हणा.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं नेहमीचं आहे, जवळपास निम्म्यांना होतं. पायात नव्याने मुंग्या आल्या किंवा ताकद कमी झाल्यासारखं वाटलं तर ते नेहमीचं नाही. पुढची भेट रद्द करून डॉक्टरांना दाखवा.

मानेबद्दल स्पष्ट सांगतो: कंबरेसाठी गेलात तर मानेला झटका देऊ देऊ नका. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. जोराने मान पिरगळल्यावर या धमनीचा आतला पदर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असं क्वचित होतं, पण झालं तर भरून निघत नाही. टॉवेल किंवा पट्टा हनुवटीखाली अडकवून डोकं ओढण्याचे प्रकार आणि केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडकन मोडणं, दोन्ही टाळा. मानेला कुणी झटका दिल्यानंतर पूर्वी कधी नव्हतं असं एका बाजूचं डोकं-मान दुखणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, तोल जाणं, बोलताना जीभ अडखळणं यातलं काही झालं तर थेट रुग्णालयात.

हाडवैद्यालाही हेच सगळे निकष लावा. मुरगळलेल्या घोट्यावर बांधलेला लेप वेगळा आणि साठीच्या बाईच्या कंबरेवर दिलेला गुडघ्याचा दाब वेगळा.

ॲक्युपंक्चर, योग, कटिबस्ती

ॲक्युपंक्चरबद्दल सर्वांत बोलकी चाचणी जर्मनीतली, २००७ ची. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांच्या तीन गटांत खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६% लोकांना फरक पडला, भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्या गटात ४४.२%, आणि औषधं-फिजिओ-व्यायाम या नेहमीच्या उपचाराने २७.४%. म्हणजे आराम खरा आहे, पण नेमका 'बिंदू' गाठण्याशी त्याचा फारसा संबंध दिसत नाही. त्यामुळे फार नामवंत आणि फार महागडा तज्ज्ञ शोधायची गरज नाही. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढलेली आणि एकदाच वापरायची असावी, छाती-खांद्यावर खोल टोचू देऊ नये (फुप्फुसाला भोक पडू शकतं), आणि महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे म्हणून तिथली नोंदणी विचारावी.

योगाचा पुरावा आमच्या मते या सगळ्यांत जास्त कामाचा, कारण शिकल्यावर तो घरी फुकट करता येतो. २०१७ च्या बोस्टन परिसरातल्या ३२० जणांच्या चाचणीत १२ आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी ठरला नाही. पुण्यात रुजलेल्या अय्यंगार पद्धतीवरही कंबरदुखीसाठी चाचण्या झाल्या आहेत. पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची, घोंगड्या वापरून आसन शरीराला जुळवून घेतात, म्हणून आखडलेल्या माणसाला ती झेपते. चूक होते ती पहिल्याच आठवड्यात पश्चिमोत्तानासनात पायाचे अंगठे धरायच्या हट्टाने. पायात कळ उतरत असेल तर खोल पुढे वाकणारी आसनं सुरुवातीला वगळा. मार्जारासन आणि सेतुबंधासन प्रत्येकी ८-१० वेळा, पाच सेकंद धरून, यापासून सुरुवात करा.

कटिबस्तीत उडदाच्या पिठाचं कडं कंबरेवर लावून त्यात कोमट तेल भरतात आणि ते निवलं की काढून पुन्हा कोमट घालत अर्धा-पाऊण तास ठेवतात. यावरचे अभ्यास लहान आहेत, नीट तुलनागट नसलेले. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं आणि कटिबस्तीतही ते मिळतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. कणीक सैल मळली किंवा कडं त्वचेला नीट दाबलं नाही तर तेल खालून झिरपतं. आणि मधुमेहाने त्वचा बधिर झालेली असेल तर तेल किती गरम आहे हे कळत नाही आणि फोड येतात. तेल आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघायला सांगा. पालथं झोपताना पोटाखाली उशी घ्या.

कपिंगने, म्हणजे त्वचेवर पेले लावून आत हवा ओढल्याने, गोल डाग पडतात, काही दिवसांनी जातात. रक्त काढायचा प्रकार करू नका. चुंबकाचे पट्टे आणि तांब्याची कडी यावर पैसे घालू नका.

पुड्यांपासून सांभाळा

सांधेदुखी-कंबरदुखीवर कागदात बांधलेल्या किंवा विनालेबलच्या डबीतल्या पुड्या मिळतात आणि दोन दिवसांत जादू होते. असा झपाट्याने आराम पडला की संशय घ्यावा. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मिसळलेली सापडली आहेत. काही महिन्यांनी चेहरा गोल सुजतो, साखर चढते, त्वचा पातळ होऊन जराशा धक्क्याने काळंनिळं पडतं, हाडं ठिसूळ होतात. लेबलवर घटक, उत्पादक आणि परवाना क्रमांक नसेल ते औषध घेऊ नका. आणि पुड्या महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असू शकतं, आणि अचानक बंद केल्यावर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं असं जिवावरचं संकट येतं. डॉक्टरांना पुडी दाखवा, ते हळूहळू उतरवतील.

स्वतःवरची चाचणी: आधी दोन आठवडे, मग सहा

जुनं दुखणं भरती-ओहोटीने चालतं. माणूस उपचाराला जातो तो दुखणं टोकाला असताना, आणि त्यानंतर काही न करताही ते थोडं उतरतंच. म्हणून उपचार सुरू करायच्या आधी दोन आठवडे रोज रात्री वहीत लिहा: दुखणं ० ते १० मध्ये किती, कामाला जाताना किती अंतर चाललो, किती वेळ बसू शकलो, गोळ्या किती घेतल्या. या दोन आठवड्यांची सरासरी हा तुमचा पाया.

मग एकच उपचार निवडा. दोन एकदम सुरू केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. आठवड्याला एक किंवा दोन भेटी, सहा आठवडे. दुखण्याची सरासरी निदान दोन अंकांनी किंवा ३०% उतरली आणि चालणं-बसणं वाढलं तर फायदा आहे. भेटीनंतर दोन दिवस बरं आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखं, असंच सहा आठवडे चाललं तर थांबा. चाळीस भेटींचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला एकाच भेटीचे द्या.

मिळालेल्या आरामाच्या दिवसांत चालणं वाढवलं नाही तर यातलं काहीच टिकत नाही. ज्यांची कंबर नुकतीच बरी झाली होती अशा ७०१ जणांवर ऑस्ट्रेलियात चालण्याची चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. चालणाऱ्यांच्या गटात दुखणं उलटायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे अगदी मधला आकडा, २०८ होता, न चालणाऱ्यांत ११२. तिथे लक्ष्य होतं आठवड्यातून पाच दिवस, ३० मिनिटं. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुखणं फार तर दोन अंकांनी वाढून दुसऱ्या सकाळी उतरत असेल तर चालत राहा. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच राहिलं तर आठवडाभर आधीच्या वेळेवर या.

सहा आठवडे संपले, फरक नाही, झोपही उडाली आहे, अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या पर्यायी उपचाराकडे न जाता वेदना-चिकित्सा विभागात जा. मोठ्या रुग्णालयांत तो असतो. जाताना नोंदींची वही आणि आजवर घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, त्यात काढे, तेलं आणि पुड्याही लिहा.