जुन्या दगडी घराला हात लावताय? किल्लारी पट्ट्यातल्या या चुका टाळा

उन्हाळा लागला की औसा, लोहारा, उमरगा भागातून फोन सुरू होतात. "सर, जुनं घर हाय, वर स्लॅब टाकायचाय, सिमेंट किती लागंल?" भिंत मातीतली की सिमेंटातली, हे सांगायच्या आधीच गोण्यांचा हिशेब. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून माणसं नुकती आडवी झाली होती तेव्हा, याच पट्ट्यात भूकंपानं सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आणि तरीही गोण्यांचाच हिशेब.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "दगडानं माणसं मारली" हे धरून चालणं. एकदा हे डोक्यात बसलं की माणूस दगडाचा राग धरतो आणि खऱ्या दोषाकडे बघतच नाही. आपल्या जुन्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण ती एक भिंत नसते. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मध्ये बारीक दगड आणि मातीचा भराव. हादरा बसला की दोन्ही पदर फुगतात, एकमेकांपासून सुटतात आणि ढासळतात. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छप्पर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवा थर टाकत टाकत माती फूट-दोन फूट चढलेली. दहा बाय दहाच्या खणावर फूटभर माती म्हणजे चार-साडेचार टन वजन. ते बहुतेक लाकडी खांब आणि तुळयांवर असायचं, म्हणून त्या रात्री कित्येक घरांत भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला.

आता लोक करतात काय? सागाचे खांब विकून मोकळे होतात आणि मातीतल्या त्याच भिंतीवर स्लॅब ठेवतात. म्हणजे जो उभा राहिला होता त्याला काढलं आणि जी पडली होती तिच्या डोक्यावर ओझं दिलं. हे काम मी करत नाही. दुसरा कुणी करून देईल, रांगेत उभे आहेत.

भिंत राखायची असेल तर तिचे दोन पदर बांधा. आरपार दगड, म्हणजे भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोचणारा लांब दगड, दर दोन फूट उंचीवर आणि आडवा चार-चार फुटांवर हवा. यातली फसवणूक कशी होते ते मी स्वतःच्या सहीनं शिकलोय.

१९९५ ची गोष्ट. डिप्लोमा होऊन मी मजबुतीकरणाच्या कामावर सुपरवायझर लागलो होतो. जी गावं हलवली नाहीत, तिथली घरं जागेवरच मजबूत करायची. एका घराची नवी भिंत तपासायला गेलो. टेप काढला, दगड मोजले, अंतर मोजलं, सगळं नकाशाबरहुकूम. वहीत सही केली. शेजारच्या भिंतीवर एक म्हातारे मिस्त्री बसले होते, ते उतरले, हातोडीच्या दांड्यानं एका दगडावर टकटक केली आणि मला म्हणाले, "सायेब, पलीकडं जाऊन हात लावा." मी आत जाऊन भिंतीला तळवा टेकवला. काहीच कळेना. मग त्यांनी पहार घालून दगड उचकटला. अडीच फुटांच्या भिंतीत नऊ इंचांचा दगड! तोंड मात्र बाहेरून नीट घडवलेलं. "ह्यो पाव्हणा हाय, सायेब. घरातला न्हाई." गँगला दगडाच्या संख्येवर पैसे मिळत होते आणि मी तोंडं मोजत होतो. ती भिंत उतरवायला दोन दिवस लागले, माझी मान वर व्हायला जास्त.

तेव्हापासून माझी सवय: प्रत्येक आरपार दगडाला दोन्हीकडून चुन्याची खूण. एकानं बाहेरून ठोकायचं, दुसऱ्यानं आतून हात ठेवायचा. धक्का हाताला लागला तर दगड खरा.

उभ्या भिंतीत लांब दगड बसत नसेल तर दगड हलक्या हातानं काढून डमरूसारखं भोक करा, दोन्ही तोंडांशी रुंद, मध्ये अरुंद. आकडे वळवलेली ८ मिमीची सळई घालून काँक्रीट भरा आणि दहा दिवस पाणी मारा. ब्रेकर लावू नका. ब्रेकरवाल्याला घाई असते, आणि मातीतली भिंत त्या थरथरीनंच सुटते.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे पट्टा तोडणं. पुनर्वसनातल्या घरांना दार-खिडक्यांच्या वर सगळीकडून फिरलेला काँक्रीटचा पट्टा आहे. जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. भूमिहीनाच्या अडीचशे फुटांत आता दोन सुना आणि नातवंडं. वाढवू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण रस्त्याकडेला दुकान काढायचं म्हणून उंच शटर बसवतात आणि मधला पट्टा छाटतात. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव एका जागी कापून बघा, आरे-पाटे कितीही चांगले असले तरी चाक उघडतं. घराचं तसंच. शटर पट्ट्याच्या खाली बसेल एवढंच घ्या, कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडून. फ्रिज आडवा करून आत नेता येतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. हजार लिटरची टाकी गच्चीच्या कोपऱ्यावर ठेवू नका, पाणी भरलं की ते एक टन आहे. कॉलमच्या रिंगांची टोकं आत वळवा, नुसती काटकोनात मुडपून सोडलेली रिंग हादऱ्यात उघडते. नवी खोली जुन्या भिंतीला चार सळया ठोकून चिकटवू नका, दोन बोटं फट ठेवा. फटीत सिमेंटचं पाणी ओतून वर रंग मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. पाचव्या दिवशी स्लॅबचं सेंटरिंग काढणाऱ्यांविषयी मी लिहिणार नाही, रक्तदाब वाढतो.

"आता कुठं येतोय पुन्हा?" हेही ऐकतो. १९९३ पर्यंत भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होती. १९९२ च्या पावसाळ्यानंतर तिथं धक्के बसत होते, तरी नकाशा तोच होता. २००२ च्या नकाशात हा भाग तिसऱ्यात गेला. २०२४ मध्ये हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला तेव्हा आठवडाभर माझा फोन वाजत होता, नंतर परत गोण्यांचा हिशेब.

आणि पाया. काळ्या मातीत तीन फूट खणून थांबू नका. मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात तेव्हा त्यात सळई सोडून बघा, ती जिथवर जाते तिथवरची माती दर वर्षी हलते. खाली मुरूम लागेपर्यंत खणा. शेजाऱ्याला चार फुटांवर लागला म्हणून तुम्हालाही चारावरच लागेल असं नाही. माझ्या स्वतःच्या घराला नऊवर लागला.