शेताची वाट अडली : तहसीलला जाण्याआधीची तयारी

शेजाऱ्याने वाटेवर बोरी-बाभळीच्या काट्या टाकल्या, वाट नांगरून घेतली किंवा तार ओढली, की पहिलं काम म्हणजे त्या दिवसाची तारीख लिहून ठेवणं. वहीत लिहा, कॅलेंडरवर लिहा, पण त्याच दिवशी. मोबाईलवर फोटो काढताना मागे ओळखीचं झाड, विहीर किंवा विजेचा डीपी येऊ द्या, म्हणजे जागा कुठली यावर पुढे वाद राहत नाही. तारखेचा एवढा आग्रह का, तर असलेली वाट कुणी बंद केली तर ती खुली करून मागण्याचा सोपा मार्ग मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ मध्ये आहे आणि त्याखालचा दावा तहसीलदारांकडेच (मामलेदार म्हणजे तेच), अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो. आमच्या घरी नेमकं हेच चुकलं. वडील म्हणायचे, अण्णा आपलेच आहेत, दिवाळीला बसून बोलू. दिवाळी झाली, संक्रांत झाली, हरभरा डोक्यावरून वाहून आणला. आठव्या महिन्यात आम्ही दावा केला आणि तो मुदतीवरच गेला. वडिलांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. चुलतभावाशी आधी बोलायचं नाही तर कुणाशी बोलायचं? पण बोलणी चालू असतानाही चौथा महिना संपेपर्यंत कागद तयार असले पाहिजेत, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

यानंतर घरात बसून एक गोष्ट नक्की करायची: आपण बंद झालेली जुनी वाट मागतोय की नवी वाट? हे दोन वेगळे अर्ज आहेत आणि निम्मा घोळ इथेच होतो. वाट वहिवाटीत होती, बैलगाडी जात होती आणि ती अडवली, तर वर सांगितलेलं कलम ५. शेताला वाटच नाही, किंवा होती ती सिद्ध करणं अवघड आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. त्यात तहसीलदार लगतच्या गटांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट देऊ शकतात. या कलमात शेजाऱ्याच्या शेताच्या मधून तिरकी वाट मिळत नाही. “आम्ही पूर्वीपासून मधूनच जायचो” असं म्हणत कलम १४३ चा अर्ज केला, तर आपणच आपलं प्रकरण अडकवतो. आमचा दुसरा अर्ज कलम १४३ चा होता आणि त्यात आम्ही मधली जुनी वाट सोडून सरळ बांध मागितला. वडिलांना ते सोसवलं नाही. त्या वाटेवर आजोबांनी लावलेला आंबा होता.

तिसरा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे २० वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर हक्क तयार होतो. इथे “हक्क म्हणून” या शब्दांवर सगळं अवलंबून असतं. दरवर्षी शेजाऱ्याला विचारून, त्याच्या परवानगीने जात असाल, तर ती परवानगीची वाट ठरते, हक्काची नाही. जबाब देताना जुनी माणसं चांगुलपणाने सांगतात, “त्यांना विचारूनच जायचो.” खोटं सांगायला कुणालाच शिकवू नये, पण विचारणं म्हणजे परवानगी होती की पीक उभं असताना दाखवलेली रीत होती, हे त्यांनी आधी नीट आठवावं. या दाव्यात आणखी एक मुदत आहे: वापर बंद पडल्यापासून २ वर्षांच्या आत दावा करावा लागतो.

आता कागद. आपला सातबारा आणि आठ-अ (आपल्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) अगदी ताजे काढा. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची आणि आपल्या गटाच्या नकाशाची नक्कल घ्या. गाव नकाशा शांतपणे, उजेडात बघा. तुटक एका रेषेने दाखवलेली असते ती पायवाट, तिची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. तुटक दोन रेषांनी दाखवलेला गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. ३३ फुटांच्या जुन्या साखळीचे पाव आणि अर्धा भाग केले की सव्वाआठ आणि साडेसोळा हे आकडे येतात. तुमची वाट नकाशावर अशी दिसत असेल तर ती शेजाऱ्याची मेहेरबानी नव्हती हे दाखवायला तो एक कागद पुरतो. नकाशावर नसेल तर घाबरायचं कारण नाही, वहिवाटीच्या बहुतेक वाटा तिथे नसतातच. मग जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं काढा, आपलीही आणि मिळाली तर शेजारच्या गटाचीही. चतुःसीमेत कुठेतरी “उत्तरेस गाडीवाट” एवढे दोन शब्द सापडतात आणि ते दहा साक्षीदारांइतके कामाला येतात.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो माणसांच्या यादीला. ज्या ज्या गटाच्या बांधावरून वाट जाणार, त्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा आणि त्यावरचं प्रत्येक नाव सामनेवाला म्हणून अर्जात घाला. फक्त भांडणाऱ्या भावाचं नाव टाकून चालत नाही. नागपूरला दिलेल्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर असेल तर तिलाही नोटीस जायला हवी. वर्ष-दोन वर्षांनी निकाल लागतो आणि अपिलात ती म्हणते, मला काही कळवलंच नाही, की प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर. त्याहून वाईट म्हणजे मयताचं नाव. कितीतरी सातबाऱ्यांवर आजोबा अजून आहेत आणि वारसनोंद झालेली नाही. मयताला नोटीस बजावता येत नाही, तारखा मात्र पडत राहतात. म्हणून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) जाऊन वारस कोण, त्यांचे पत्ते काय, हे आधीच लिहून घ्या. आपल्या बाजूलाही हेच बघा. वडील वारल्यानंतर आपलं नाव लागलं नसेल तर आधी ती नोंद करून घ्या, मग अर्ज.

पुराव्यासाठी घरातल्या जुन्या पिशव्या उपसा. अमुक साली या गटातून गाडी भरून माल बाहेर गेला हे दाखवणारं काहीही चालतं: कारखान्याच्या ऊसवजनाच्या पावत्या, मळणीयंत्राचं भाडं दिल्याची नोंद, विहिरीच्या खोदकामाचं बिल, पाइपलाइनचा माल आल्याची पावती. मशीन हवेतून आलं नाही, हा मुद्दा साध्या भाषेत मांडला तरी अधिकाऱ्याला पटतो. गूगल अर्थवर आपल्या शिवाराची जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं बघता येतात. उन्हाळ्यातल्या चित्रात चाकोरीचा फिकट पट्टा पुष्कळदा दिसतो. त्याची छापील प्रत जोडा. साक्षीला नातेवाईक शक्यतो नकोत. ज्याने वीस वर्षांपूर्वी तुमच्याकडे साल धरलं होतं तो गडी, ट्रॅक्टरवाला, दूध गोळा करणारा, यांचं सांगणं जास्त वजनाचं.

अर्जासोबत कच्चा नकाशा लागतो, तो स्वतः काढा. आपला गट, भोवतीचे गट क्रमांक, जवळचा डांबरी किंवा शिवरस्ता (गावाच्या शिवेवरचा रस्ता), मागितलेली वाट लाल रंगात, लांबी, रुंदी. दुसरी एखादी वाट असेल तर तीही दाखवा आणि ती का चालत नाही ते लिहा: मध्ये ओढा आहे, पावसाळ्यात चार महिने पाणी असतं, बैल जातो पण ट्रॉली जात नाही. लपवलेली दुसरी वाट स्थळपाहणीत सापडली की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

नकाशा काढताना शेजाऱ्याचं नुकसान आपल्या हाताने मोजा. हे कुठल्याच अर्जाच्या नमुन्यात नसतं, तरी मला ते फार महत्त्वाचं वाटतं. बांधावरची वाट दोन्ही गटांतून सारखी घेतात. १० फूट रुंद आणि ३३० फूट लांब वाट म्हणजे ३,३०० चौरस फूट, साधारण तीन गुंठे. एकेकाच्या वाट्याला दीड गुंठा. ज्याची सगळी जमीनच वीस गुंठे आहे त्याला दीड गुंठा थोडा नाही. वाट ज्या बाजूने कमी नुकसान करील ती बाजू कुठली, हे तहसीलदारही बघतातच. आपणच ती आधी सुचवली, भले आपल्याला पन्नास फुटांचा वळसा पडो, तर अर्ज वाचणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्याही नजरेत त्याची किंमत बदलते. रुंदी मागताना २२ मे २०२५ चा शासन निर्णय जवळ ठेवा; शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असं त्यात आहे. पण जिथे दोन्हीकडे तुकडेच आहेत तिथे एक ट्रॉली जाईल एवढीच मागावी असं माझं मत आहे.

या सगळ्या काळात काटा स्वतः उपटायला जाऊ नका. रात्री तर मुळीच नाही. बांधावर हातघाई झाली की वाटेचं प्रकरण मागे पडतं आणि फौजदारीच्या तारखा सुरू होतात.

स्थळपाहणीची नोटीस आली की आदल्या दिवशी बांधावरचं गवत काढा, पण हद्दीच्या खुणांना हात लावू नका. सोबत टेप, दोरी, फक्की (रेषा आखायची पांढरी भुकटी) आणि कागदांची दुसरी प्रत ठेवा. तीन-चार माणसंच न्या, जमाव नको. पिण्याचं पाणी सगळ्यांना पुरेल एवढं न्या, सामनेवाल्यांनाही. आमच्या पाहणीच्या दिवशी अण्णा मे महिन्याच्या उन्हात बांधावर एकटेच उभे होते आणि वडिलांनी काही न बोलता तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यानंतर मोजमापाला त्यांनी एकदाही अडवलं नाही. पंचनामा लिहून झाला की पूर्ण वाचून मगच सही करा; गट क्रमांक, दिशा आणि फूट हे तीन शब्द तपासा. पटलं नाही तर सहीवरच तसं लिहा, कोऱ्या कागदावर सही करू नका.

मध्येच तडजोड जुळली तर ती तोंडी ठेवू नका, कितीही आपली माणसं असली तरी. कुठल्या गटातून, कुठल्या बाजूने, किती लांब, किती रुंद, मुरूम कोण टाकणार, वाटेखालून पाइप न्यायची मुभा, बांधावरच्या झाडांचा मालक कोण, उभ्या पिकाची पहिल्या वर्षीची भरपाई, हे सगळं लिहा. दोन्हीकडच्या सर्व खातेदारांच्या सह्या घ्या आणि ते तहसीलदारांपुढे ठेवून त्यावर आदेश मागा. घरात वाटण्या होणार असतील तर आतल्या भावाची वाट वाटणीपत्रातच फुटांसकट लिहा. आमच्या आजोबांच्या वाटणीपत्रात ती एक ओळ असती तर दोन घरांचं सहा वर्षं बोलणं बंद राहिलं नसतं.

निकाल विरुद्ध गेला तर दिवस मोजायला लागा. कलम १४३ च्या आदेशावर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील ६० दिवसांत, किंवा दिवाणी दावा वर्षाच्या आत. दिवाणी दावा केला की अपिलाचा रस्ता बंद होतो, म्हणून आधी वकिलाशी बसा. मामलेदार न्यायालयाच्या निकालावर अपील नाही, फेरतपासणी आहे.

निकाल बाजूने लागला तरी अपिलाची मुदत जाईपर्यंत मुरूम टाकायची घाई नको. मग मंडळ अधिकाऱ्यांकडून वाट प्रत्यक्ष आखून, खुणा रोवून पंचनामा घ्या आणि आदेशाची प्रत तलाठ्याकडे देऊन पोच घ्या. महिन्याभराने दोन्ही गटांचे नवे सातबारे काढा, इतर हक्कांच्या रकान्यात वाट आली का ते बघा. आली नसेल तर तीच पोच घेऊन परत जा.