बीकन घेऊन गुलमर्गला निघालात? या चुका टाळा

दर डिसेंबरला स्कीइंगला निघालेली पुण्यातली पोरं विचारतात, कुठलं बीकन घेऊ? बीकन म्हणजे अंगावर बांधायचं सिग्नलचं यंत्र, ॲव्हलांचमध्ये (हिमस्खलनात) कोणी बर्फाखाली गाडलं गेलं तर बाकीचे आपल्या बीकनने त्याला शोधतात. तीन अँटेनावालं कुठलंही चांगलं घ्या, सगळी 457 किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना सापडतात. वैताग येतो तो घेतल्यानंतर जे करतात त्याचा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सेल आत ठेवणं. मार्चमध्ये परत आले की बीकन सॅकमध्ये, सॅक माळ्यावर, आणि मग चार महिने आपला पाऊस. आमच्यातल्या एकाने असंच केलं, निघताना घरी ऑन केलं तर चालू झालं, म्हणून खूश. वर गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर गोंडोलातून (रोपवेतून) उतरून ग्रुप चेक करत होतो, एकेक जण माझ्यासमोरून जातोय, सगळ्यांचा सिग्नल येतोय आणि याचं मध्येच बंद! झाकण उघडलं तर एका सेलच्या टोकाला पांढरी-हिरवट पावडर, स्प्रिंग खाल्लेली. म्हणतो, पुसतो रे, होईल. मी म्हटलं, अजिबात नाही, तू गोंडोलाने खाली जा. दिवसभर बोलला नाही माझ्याशी, चालेल मला.

मी सीझन संपला की सेल काढतोच, ट्रिपला नवीन अल्कलाइन टाकतो. अल्कलाइनवर चालणाऱ्या बीकनमध्ये रिचार्जेबल टाकून पैसे वाचवू नका, त्यांचं व्होल्टेज बराच वेळ टिकतं आणि मग धाडकन पडतं, त्यामुळे स्क्रीनवरच्या टक्क्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

फोन, गोप्रो, गरम होणारे ग्लोव्हज सिग्नल बिघडवतात, ते बीकनपासून 20 सेंमी लांब ठेवा, शोधताना 50.

सराव न करता जाणाऱ्यांना तर मी सोबत घेतच नाही. बर्फ लागत नाही त्याला, रविवारी वेताळ टेकडीवर एक बीकन पिशवीत घालून पाचोळ्याखाली लपवा आणि शोधा. नवखे शेवटपर्यंत पळत सुटतात. शेवटच्या 3 मीटरला गुडघ्यावर या, बीकन जमिनीलगत धरा, वळवू नका, सावकाश आधी सरळ आणि मग आडवं न्या, स्क्रीनवर अंतराचा सगळ्यात कमी आकडा येईल तिथून प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) 25-25 सेंमीवर गोल वाढवत घाला. गाडलेल्या माणसाला लागला की प्रोब तसाच राहू द्या, उताराच्या खालच्या बाजूने खणा. पहिल्या 10 मिनिटांत काढलेले बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे, आणि खणायला तुमच्याशिवाय तिथे कोणी नसतं.

पण झाडावर, दगडावर आपटून जो जातो त्याला बीकन काय करणार? म्हणून उतरायचं की नाही हे बीकन खिशात नाही असं धरूनच ठरवा. रात्रभर बर्फ पडलाय, वारा होता, सकाळी लख्ख ऊन, आणि ‘एवढे पैसे घालून आलोय’ हे वाक्य कोणीतरी बोलतंच, तीच वेळ सगळ्यात वाईट. कोणाच्या स्कीच्या खुणा दिसल्या म्हणून उतार सेफ होत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गलाच एक परदेशी स्कीअर ॲव्हलांचमध्ये गेला.

डीजीआरईचं (डीआरडीओची हिमस्खलनाचा अंदाज देणारी संस्था) बुलेटिन सकाळी बघा, स्की पेट्रोलने म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्यांनी बंद केलेल्या भागात जाऊ नका. बहुतेक ॲव्हलांच 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, फोनवर उतार मोजता येतो, मोजा, आणि आपल्या डोक्यावर काय आहे तेही बघा. धोक्याची जागा एकेकाने पार करायची, बाकीचे सुरक्षित ठिकाणी थांबून नजर ठेवतात. आमच्यात एकाने नको म्हटलं की सगळे परत, कारण विचारायचं नाही.